सावधान सुटेना

१२ जून
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. संकल्प: रोज गेटपर्यंत दहा फेऱ्या, चहा बंद, ऑगस्टात दूध संस्थेचा पुन्हा चेअरमन.
आज फेऱ्या शून्य. पाय फरशीला चिकटतात. पोरानं बसवलेली ती गुळगुळीत फरशी! आग लागो तिला.

२० जून
शिरूरहून नव्या चपला आणल्या. जुन्या जड होत्या. नव्याही जडच निघाल्या. हल्ली सगळा माल बोगस.

४ जुलै
बाथरूम गाठायच्या आत घोटाळा. कारण चहा. सूनबाई पूनम म्हणाली, चहा तर तुम्ही बंद केलाय. बरं, मग ताक.
पूनम गावची आशासेविका, तिला जिथंतिथं आजार दिसतो. म्हणे, आबा, पाय, लघवी आन् विसरणं, तिन्ही बरोबरच सुरू झालंय, हे नुसतं वय न्हाई, दौंडला दाखवू. म्हणालो, निवडणुकीनंतर. आजारी चेअरमनला मत कोण देतंय? माझ्या खुर्चीवर सोपानराव टपूनच बसलाय.

१५ ऑगस्ट
संस्थेपुढं झेंडावंदन. चालताना कुणी बघू नये म्हणून तासभर आधीच खांबाजवळ उभा. फर्स्टक्लास सलामी! राष्ट्रगीत संपलं, विश्राम झाला, जिलेबी वाटून झाली. मी सावधानच. पाय उचलेनात. लोक म्हणाले, काय शिस्त हाय आबांची! खरं सांगायचं तर लई भ्यालो. जमीन सोडतच नव्हती. मग धोतर ओलं झालं. सोपानरावनं गुपचूप स्वतःचा पंचा माझ्या कमरेला गुंडाळला आन् हात धरून घरी आणलं. त्याचा काहीतरी डाव असणार.
अर्जाची शेवटची तारीख २४. विसरणार नाही.

२२ ऑगस्ट
बायको, साळूबाई, हट्टाला पेटली. दौंडच्या डॉक्टरनं पुण्याला धाडलं. एमआरआय. मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या पाण्याचा निचरा होईना, पोकळ्या फुगल्यात. उसात पाणी तुंबतं तसंच की! कमरेत सुई घालून थोडं पाणी काढणार. चाल सुधारली तर नळी बसवून पाणी कायमचं वळवायचं. म्हणालो, मी चालतोच की.

२५ ऑगस्ट
काल सुई टोचली. आज कॉरिडॉरच्या टोकाला गेलो, वळलो, परत आलो. एकटा! साळूबाई रडली. मीपण.
डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? म्हणालो, पंधरा दिवस. पूनमनं पिशवीतून ही रोजनिशी काढून टेबलावर ठेवली! डॉक्टर तारखा उतरवून घेत वाचत गेले. फरशी, चपला, चहा, ताक. हसले नाहीत. एका पानावर थांबून म्हणाले, आबा, चोवीसला अर्ज भरायचा होता ना, भरला का?
आज पंचवीस.