ये डॉन कौन है?

चंडीगड,
शुक्रवार

तीर्थरूप ताईस,

मीनाक्षीचा नमस्कार. (साष्टांग समज; कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच केला आहे.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? व्यायाम करतेस असं फोनवर म्हणालीस, मी विश्वास ठेवलेला नाही. इकडे मुल्लानपूरच्या एका नव्या कॉलेजने साठीपुढच्यांना प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायची मुभा दिली आहे. ती जाहिरात वाचून आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "तुझ्याच्याने नाही व्हायचं." मी त्याच दिवशी फॉर्म भरला.

ताई, ब्याऐंशी साली गणितात बी.एस्सी. झालेल्या बाईला तिथे सांगतात, मोजायला शून्यापासून सुरुवात करा. मी सरांना विचारलं, तुमच्या घरी थोरल्या मुलाला कितवा म्हणतात? (ते फळा पुसायला लागले.) वर काम जोडीने, परीक्षा जोडीने आणि गुणही दोघींना सारखेच. माझी जोडीदार जसलीन, वय एकोणीस. मुलगी चांगली आहे, पण या विषयात एकदा नापास झालेली. पुन्हा नापास झाली तर वडील कॉलेज सोडवून इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या टाइल्सच्या शोरूममध्ये बसवणार आहेत. परीक्षा मंगळवारी आहे.

काल तीस मुलांच्या तीन चाचण्यांची सरासरी काढायची होती. चाचण्यांना प्रोग्रॅममध्ये नावं द्यावी लागतात. मी सरळ एक, दोन, तीन अशी दिली, इंग्रजी अक्षरांत. म्हणजे दोन झालं डी ओ एन. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात जसलीनला वाटलं, आंटीजींच्या हातून 'दो'मध्ये एन जास्तीचा पडला. तिने वरच्या ओळीतला एन खोडला. खालच्या ओळींतले तसेच राहिले. परत येऊन चालवते तर मशीन म्हणतं, या नावाचं इथे कोणी नाही. सर आले, वाकून पाहिलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडमजी, ये डॉन कौन है?"

साठ मुलं हसली. मी जसलीनला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमको हात लगाने को किसने बोला?" (रागात माझं हिंदी जास्तच सातारी होतं.) ती एवढंच म्हणाली, "मैंने तो स्पेलिंग ठीक की थी, आंटीजी," आणि दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली. आज दिवसभर बोलली नाही.

यात माझं काय चुकलं, तूच सांग. दुसऱ्याच्या वहीत न विचारता लिहू नये, हे मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एकटीने परीक्षा देऊ का विचारलं, तर सर म्हणाले, जोडी मोडली की दोघी नापास. म्हणजे आता बोलायला तिनेच यायला हवं, हे उघड आहे. मी वाट पाहते आहे.

भाऊजींना नमस्कार सांग. व्यायाम खरोखर कर.

तुझी,
मीनाक्षी

ता.क. (शनिवार) पोस्टाचं तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं. मी सगळे 'डॉन' जागेवर आणले. प्रोग्रॅम चालला आणि उत्तर चुकलं. मी एकापासून मोजलं होतं, त्यामुळे पहिल्या मुलाचे गुण धरलेच गेले नव्हते. हे जसलीनने मला दोनदा सांगितलं होतं. मी दोनदा "मेरे को गणित मत सिखाओ" म्हटलं होतं. तर ताई, सॉरी कसं म्हणतात? तुला सवय आहे. लगेच कळव.

पुन्हा ता.क. (मंगळवार) कळवू नकोस. काल मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिच्यासमोर एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला: 'गलती मेरी थी' असं पडद्यावर दाखव. दाखवेना; शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं होतं. तिने ते घातलं, बटण दाबलं, वाचलं आणि म्हणाली, "पता है, आंटीजी." त्या 'डॉन' चाचणीचं नाव आता 'दुसरा' ठेवलं आहे. तो दोघींच्या भाषेत दुसराच असतो. आज दोघी पास झालो.

जमतं आहे तोवर आणखी एक. एकोणऐंशी साली तुझ्या निळ्या साडीला इस्त्रीचा डाग पाडला तो परटाने नव्हे. कंदी पेढ्यांचे दोन डबे पाठव, त्यातला एक जसलीनचा. आणि एकापासून मोज.