न धुतलेलं झबलं

बाळाच्या आईस, इकडून भरभरून माया.

मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझी कंबर आता कशी आहे?

एक सांगतो, आईला कळू देऊ नकोस. सर्दी गेली, पण महिना झाला, मला कसलाच वास येत नाही. टाकीतली बिअर बिघडलीय का, हे मी वासावरूनच सांगतो, त्याचाच पगार मिळतो. आतापर्यंत कामावरचा जोडीदार माझ्याऐवजी हुंगून खुणावायचा. सोमवारपासून तो रजेवर जातोय. चुकलो, तर नोकरी गेलीच समज. काय करू गं?

तू बाळाचं न धुतलेलं झबलं पाठवलंस. तासभर नाकाशी धरून बसलो. नुसतं कापड लागलं.

दुसरंही धुऊ नकोस. ठेव तसंच.

तुझाच,
बाळाचा बाबा