माझ्या शिंका खुणा नव्हत्या

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
एकत्रित लिपिक भरती परीक्षा कक्ष,
पुणे.

अर्जदार: अक्षता रामदास ओव्हाळ, कर्वेनगर, पुणे.

विषय: परीक्षेत मला आलेल्या शिंका परागकणांच्या ॲलर्जीमुळे होत्या हे मान्य होऊन, माझा व मागील आसनावरील उमेदवाराचा राखून ठेवलेला निकाल जाहीर होणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाने मला दिलेली गैरप्रकाराची नोटीस.
२) सदर नोटिशीवर झालेल्या दोन सुनावण्या.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविते की, मी ऑक्टोबर महिन्यात कर्वेनगर येथील केंद्रावर लिपिक पदाची परीक्षा दिली. माझ्या मागे बसलेल्या उमेदवारास मी शिंकांच्या द्वारे उत्तरे कळविली, असा माझ्यावर ठपका आहे. एक शिंक म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा, असा तर्क नोटिशीत मांडला आहे. प्रश्नाला पर्याय चारच असतात. मला एका दमात आठ-दहा शिंका येतात. उरलेल्या शिंकांनी मी काय कळविले, याचा नोटिशीत खुलासा नाही.

माझा आजार असा आहे. पाऊस ओसरला की आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत काँग्रेस गवत फुलते. त्याचे पराग हवेत असले की माझ्या नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज सुटते, पाणी वाहू लागते आणि शिंका सुरू होतात. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. प्रेमला जगताप यांनी मला सोप्या शब्दांत सांगितले, "ही सर्दी नाही. शरीर त्या साध्या कणाला शत्रू समजतं आणि त्याला हाकलायला सगळी फौज बोलावतं. हे दुसऱ्याला लागत नाही, आणि तू ठरवून थांबवू शकत नाहीस." घरच्यांना मात्र पहिली दोन वर्षे ही सर्दीच वाटत होती. आईने हळदीचे दूध पाजले, वाफारे दिले, शेवटी थंड पाणी पिते म्हणून बोलणीही बसली.

या आजाराने मरत कोणी नाही, म्हणून त्याला कोणी आजार म्हणत नाही. पण दिवाळी उलटेपर्यंत मी घराच्या खिडक्या उघडत नाही. कपडे आतल्या खोलीत वाळतात, म्हणून घराला कुबट वास येतो. तो मला येत नाही, कारण नाक चोंदलेले असते. दूध करपून भांडे काळे पडले तरी मी शेजारीच बसून इतिहास वाचत होते. नाक बंद असल्यामुळे झोप तुकड्यातुकड्यांनी लागते आणि सकाळी डोके जड असते. कसबा पेठेतील ज्या अभ्यासिकेत मी जात असे, तिथे शांततेचा नियम कडक आहे. व्यवस्थापकांनी मला अत्यंत सभ्यपणे सांगितले, "अहो ताई, आपण पास झाल्यावर पेढे द्यायला जरूर या. तोपर्यंत घरीच बसलात तर बाकीचेही पास होतील." माझा भाऊ धम्मदीप याच्या लग्नात वंदना सुरू असताना मला शिंका आवरेनात, म्हणून मी बाहेर गेले. बाहेर कार्यालयाची हिरवळ होती. परत आले तेव्हा माझे लाल डोळे पाहून मुलीकडच्या पाहुण्यांनी आईला बाजूला घेऊन विचारले, की नवऱ्या मुलाच्या बहिणीला हे लग्न पसंत नाही का?

औषध घ्यावे, तर मागील वर्षी ते घेऊनच परीक्षेला बसले होते. त्या गोळीने शिंका थांबल्या आणि गुंगी आली. पर्यवेक्षकांनी खांद्याला हात लावून उठवले, तेव्हा उत्तरपत्रिका गोळा होत होत्या. म्हणून यंदा डॉक्टरांनी गुंगी न आणणारी गोळी आणि नाकात मारायचा फवारा दिला. गोळीने दिवस निभावतो, पण गवत जवळ असेल तर फवारा लागतोच. परीक्षेच्या दिवशी दारावरच्या तपासणीत द्रवपदार्थाची बाटली म्हणून फवारा काढून घेतला. चिठ्ठी लपवता येते म्हणून रुमालही काढून घेतला. मला मिळालेले आसन खिडकीजवळ होते आणि खिडकीखाली मैदानाच्या कडेने गवत फुललेले होते. मी जागा बदलून मागितली. आसन क्रमांक बदलता येत नाही असे उत्तर मिळाले. खिडकी लावून घेण्याची विनंती केली. हवा खेळती राहावी असे परिपत्रक असल्याचे कळले. त्या हवेतून जे यायचे ते आले. एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने मी पेपर सोडवला, आणि तरीही पूर्ण सोडवला. बाहेर पडताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आपले काम होणार असे मला वाटले होते.

त्यानंतर नोटीस आली. पहिली सुनावणी आपल्या कार्यालयातील वातानुकूलित खोलीत झाली. दारे-खिडक्या बंद होत्या. समितीच्या सदस्यांनी मला शिंकून दाखवण्यास सांगितले. मला एकही शिंक आली नाही. "अर्जदारास शिंका येत नसल्याचे समक्ष पाहिले," अशी नोंद झाली. मी विनंती केल्यावर दुसरी सुनावणी त्याच केंद्रावर, त्याच खोलीत झाली. तिथे मी स्वतःचे नावही सलग सांगू शकले नाही. समितीने शिंका खऱ्या असल्याचे मान्य केले आणि आजाराचा दाखला मागितला. तो मी दिला. त्यावर आपल्या कार्यालयाने कळविले की, ज्या उमेदवारास आजार आहे तो या पदास पात्र नाही, सबब कोणताही आजार नसल्याचा दाखला सादर करावा. दोन्ही दाखले एकाच टेबलावर द्यायचे आहेत. डॉ. जगताप म्हणाल्या, "अगं, एकाच सहीनं मी तुला आजारी आणि निरोगी कसं करू?" आजार आहे म्हणावे तर नोकरी जाते, आणि नाही म्हणावे तर मी खुणा केल्या असे ठरते. याखेरीज तिसरे काही म्हणण्याची सोय आपल्या पत्रात नाही. पुढील जाहिरात निघेल तेव्हा माझे वय मर्यादेबाहेर गेलेले असेल.

मागील आसनावरील उमेदवार इंद्रजीत हे मला पूर्णपणे अनोळखी होते. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातल्या शेतकरी कुटुंबातले ते आहेत. त्यांचाही निकाल थांबला आहे. मागील आठवड्यात ते माझा पत्ता शोधत घरी आले. ते भांडायला आले असावेत असे वाटून माझे वडील दारात उभे राहिले. परंतु त्यांनी एवढेच विचारले, "ताई, आता बरं हाय का?"

त्यांच्याशी बोलताना कळले की, आपल्या कार्यालयातून आम्हा दोघांनाही एकच गोष्ट सुचविण्यात आली आहे. मी उमेदवारी मागे घेत असल्याचे लिहून दिले, तर प्रकरण बंद होऊन त्यांचा निकाल लागेल. तसा मसुदाही मला देण्यात आला. त्यात "घडल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे" असे वाक्य आहे. माझ्यामुळे दुसऱ्याच्या मुलाचे नुकसान नको, म्हणून मी त्यांच्यासमोरच पेन उघडले. ते म्हणाले, "नका करू सही. तुम्ही खेद लिवला तर माझं बरोबर आलेलं उत्तरबी चोरीचं ठरतंय. मी रात्रंदिस अभ्यास केलाय." माझी आई शालन हिने तेव्हा माझ्या हातातून पेन काढून घेतले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

तरी विनंती की, इंद्रजीत यांचे प्रकरण माझ्यापासून वेगळे करून त्यांचा निकाल त्वरित जाहीर करावा. त्यांचा कोणताही दाखला बाकी नाही. माझ्याबाबत, मला ॲलर्जी आहे आणि मी लिपिकाचे काम करू शकते, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, एवढे मान्य करावे. तसे मान्य करता येत नसल्यास माझी उमेदवारी आपल्या सहीने रद्द करावी. ती माझ्या सहीने रद्द होणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
अक्षता रामदास ओव्हाळ
पुणे, दि. १७ डिसेंबर २०२५

सोबत:
१) ॲलर्जी असल्याचा वैद्यकीय दाखला.
२) सदर ॲलर्जी संसर्गजन्य नसून कामास बाधक नसल्याचे डॉक्टरांचे पत्र.
३) माघारीचा मसुदा, सही न करता परत.