आईच्या गालाचा नंबर

१ ऑक्टोबर २०००, रविवार

मिळाली! दिवाळीच्या प्रदर्शनात चार बाय पाच फुटांची जागा, तीही खिडकीजवळची. जूचंद्रच्या आमच्या रांगोळी मंडळात सात वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांभोवती काठ भरले. यंदा पहिल्यांदा चेहरा काढायचा. विलासदादा माझा चुलतभाऊ, मंडळाचा सर्वेसर्वा. यादी वाचून झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "रीमा, चेहरा बिघडला तर पुढच्या वर्षी परत काठ."

बघतेच!

आईला काढणार. गेल्या कापणीला माझ्या भावाने, दीपेशने, फोटो घेतला होता. लाल लुगडं, मागे अजून हिरवं असलेलं भात, डाव्या गालावर दुपारचं ऊन. प्रदर्शन २४ पासून.

३ ऑक्टोबर

घरी ओटीवर सराव केला. रंग सगळे बरोबर, आणि चेहरा थापलेल्या भाकरीसारखा. नाकच नाही! दोनदा पुसला. रडू आलं, मग स्वतःचाच राग आला.

माणिकपूरला व्हॅलेरियन सरांकडे गेले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर आहेत. फोटो नि माझं रेखाटन शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तू रंग बघतेस. उजेड बघतच नाहीस." खालच्या दुकानात नेऊन फोटोचा झेरॉक्स काढायला लावला. लुगडं आणि मागचं भात — दोन्ही सारखेच काळे! लाल-हिरव्याच्या फरकावर मी विसंबून होते, तो कागदावर नावालाही नव्हता.

मग लाल जिलेटिन पेपर दिला. यातून बघितलं की रंग मरतात, उजेड-अंधार राहतो म्हणाले.

४ ऑक्टोबर

लाल कागद लबाड आहे. त्यातून आईचं लुगडं पांढरंफटक दिसतं! सरांना फोन केला. हसले. लालाला लाल कागद फसतोच, मग पट्टी कर म्हणाले.

६ ऑक्टोबर

पट्टी म्हणजे पुठ्ठ्यावर नऊ चौकोन. एक नंबर पांढरा, नऊ काळा, मधे करड्या पायऱ्या, सगळ्या रांगोळीनेच भरलेल्या. प्रत्येक चौकोनाला भोक. भोक फोटोवर धरायचं, डोळे बारीक करायचे. ज्या चौकोनातल्या भोकाची कड दिसेनाशी होते, तो तिथला नंबर.

सांगायला सोपं आहे! डिंकात कालवली की रांगोळी ओली होऊन काळी पडते. सहा आणि सात एकच झाले. फेकली. दुसरी केली, तीही फेकली.

९ ऑक्टोबर

डिंकाचा नुसता हात फिरवला आणि वरून कोरडी रांगोळी चाळली. सहा आणि सात वेगळे झाले!!

११ ऑक्टोबर

सगळा फोटो मोजला. आईच्या गालावर ऊन आहे तिथे पाच. सावलीत आठ. आणि मी सवयीने काय टाकलं होतं? दोन!

सवय कसली, डबा. मंडळात 'अंगाचा रंग' म्हणून एक मोठा डबा असतो, हंगामाला एकदाच कालवतात. देवी असो नाहीतर शेतकरी, सगळ्यांची कातडी त्या डब्यातली. आम्ही सगळे उन्हातान्हातले, आणि चित्रात एकजात गोरे. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? माझ्याही नाही. लाज वाटली.

मी माझा रंग वेगळा कालवणार.

१५ ऑक्टोबर

आई शेतावरून आली. तुझ्या गालाचा नंबर पाच, म्हणून तिला पट्टी दाखवली. पाय धुवायला गेली.

१९ ऑक्टोबर

हॉलमध्ये काम सुरू. डोळे आणि गाल झाले. विलासदादा डबा घेऊनच आला. काकीला एवढी काळी कशाला केलीस, दोन मुठी पांढरी टाक, उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत. मी त्याला खुर्चीवर उभं केलं आणि डोळे बारीक करून बघायला सांगितलं. बघितलं त्याने. नाक उठून आलंय, हे त्याला दिसलं — मला कळलं ना त्याच्या तोंडावरून! पण कबूल करेल तर शपथ. म्हणाला, "परीक्षक काय डोळे मिचकावत येणारेत? नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

नाही येणार. डबा उचलून त्याच्या हातात दिला.

२० ऑक्टोबर

गुडघे गेले. कपाळ झालं.

२३ ऑक्टोबर

पूर्ण! टेबलावर चढून बघितलं. ऊन खरंच गालावर पडलंय. मला इतका आनंद झाला की एकटीच हसत बसले. मंडळातली पोरं लांबून बघून जात होती. विलासदादा दोनदा आला.

२४ ऑक्टोबर, सकाळी अकरा

सरांना आणायला नायगाव स्टेशनला गेले होते. वाऱ्याने खिडकी उघडली तर रांगोळी उडेल म्हणून आईला राखण बसवलं. परत आले तर चेहऱ्यावर चहाच्या गाळणीने पांढरी चाळलेली. गाल, कपाळ, सगळीकडे. विलासदादाच्या नावाने ओरडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "मीच केलाय. सगला गाव येल. मना एकदा तरी इचारलंस का गो?"

नाही विचारलं. तेवीस दिवस.

उद्घाटन सहाला. आईचा चेहरा पुसून टाकला, तिच्यासमोरच. भिंतीला आरसा टेकवलाय. आता स्वतःला काढते. गाल माझाही पाचच.