बेगमला मलमल नको

रवि., ११ जाने.
वैजापूर. तुकाचं शेततळं (चुलतभाऊ, तळं त्याचं, हौस आमची). सोबत नेहमीप्रमाणे सलीमभाई. आज बेगम लागली! शेपटीला खाच असलेली तीच रोहू. स.भाईंनी शहागंजच्या आपल्या कापडाच्या दुकानातून मलमलीचा तुकडा आणलेला, कोऱ्या ठाणातून कापून. न्हाऊ घातलेल्या पोरीसारखं तिला टिपलं, गळ काढला, सोडली. तुका म्हणाला, "खायचा नाय तर धरता कशाला, दादा? पाव्हण्याला दारातूनच वाटं लावल्यावानी." स.भाई पोट धरून हसले. भाभी गेल्यापासून हा माणूस फक्त या तळ्यावर हसतो.

बुध., १४
संक्रांत. सकाळीच तुकाचा फोन. खाचवाली रोहू काठाशी सुस्त फिरतेय, अंगावर पांढरा डाग. सुमीला विचारलं. लेक गुरांची डॉक्टर, पण माशांचंही शिकलीय. म्हणाली, बाबा, कोरड्या कापडानं पुसलंत? तो बुळबुळीत थर म्हणजेच तिचं कवच. तो गेला की बुरशी धरते. हात ओले हवेत, आणि गळ शक्यतो पाण्यातच काढायचा.
संध्याकाळी स.भाई तिळगूळ घ्यायला आले. बेगम कशी आहे, विचारलं. मजेत, म्हणालो. गोड बोला म्हणतात ते हे असं? छे.

रवि., १८
लासूर येईपर्यंत धीर झाला नाही. मग गाडीतच सांगून टाकलं. ते बाहेर बघत म्हणाले, "मेरे हाथसे हुआ?" एवढंच. मग पुन्हा, "बच्च्यांच्या झबल्याला देतो ना, तीच मलमल होती, साब."
तळ्यावर गळ टाकलाच नाही. बेगम दिसली नाही.

शुक्र., २३
फोन उचलत नाहीत. दुकानात गेलो. गिऱ्हाईक नाही, तरी ठाणं उलगडून पुन्हा गुंडाळत बसलेले. रविवारी काम आहे म्हणाले. यांचं दुकान रविवारी बंद, मला काय माहीत नाही? खरं बोलून मित्र घालवला बहुतेक. फार वाईट वाटतंय.

रवि., २५
सकाळी दारात हजर! गळ नाही, पिशवी नाही. "चलो."
तळ्याच्या प्लास्टिकवर दोर धरून खाली उतरले, बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही हात पाण्यात. पाणी गारठलेलं. तुकानं भाकरीचा तुकडा टाकला. काहीतरी मोठं वळलं. शेपटीची खाच मी पाहिली, नक्की. डाग होता की ऊन चमकलं, ते मात्र...
तुका म्हणाला, "आवं भाई, गळ बी नाय. काय करायलात?"
"हात भिगवतोय," स.भाई म्हणाले. "आली तर कोरडे नकोत."