हौशाच्या शिंगाची जागा

नेसरी, मंगळवार, १६ जानेवारी २००१

परवा डॉक्टरांनी हौशाचं उजवं शिंग मुळापासून कापलं. शिंगाचा कॅन्सर. ठेवलं असतं तर बैल गेला असता. आज पट्टी बदलायची होती आणि हे कारखान्यावर, म्हणून दिवेलागणीला मीच गोठ्यात गेले.

पट्टीचा एक दोरा सुटून लोंबत होता. तो हलत होता. वारा अजिबात नव्हता.

पट्टी सोडली तर काळं भोक, आणि त्यातून सावकाश श्वास. हौशाचं तोंड खाली कडब्यात. मग वर श्वास घेतंय कोण? दोरा आत ओढला जायचा, बाहेर यायचा.

सासूबाई दारातच थांबल्या. "झाक ते आधी. जीव जाईल तिकडनं."

"डॉक्टर म्हणालेत की, आत्या. शिंग बुडाशी पोकळ असतंय, श्वास येतोच."

"मग पाखऱ्या का उभा ऱ्हात न्हाय त्याच्याजवळ?"

ते मात्र खरं. एका जुवाखालचा जोडीदार, पण दावं ताणून भिंतीला चिकटलेला.

औषध घातलं. मग काय सुचलं कोण जाणे, तळहात भोकासमोर धरला. श्वास ऊन, ओलसर, झोपलेल्या माणसाचा लागतो तसा. हौशा चघळायचा थांबला. श्वासही थांबला. हात काढला तेव्हाच पुन्हा सुरू झाला.

नवी पट्टी बांधली. बैल जगेल, खातोय चांगला. आत्या जेवायला हाका मारतायत. मघाशी मोरीपर्यंत गेले, तळहात अजून तसाच ऊन, ओलसर; हात न धुताच परत आले.