भोंग्यानंतरचा दिवा

२४ ऑक्टोबर
सामान लागलं एकदाचं. व्हरांडा ऐसपैस, स्वयंपाकघरात भरपूर ऊन, आणि भाडं इतकं कमी की माझी लेक जनीन म्हणाली, आई, छप्पर आहे ना गं घराला? आहे! मालक वॉरन हक समोरच राहतात. घर देण्याआधी त्यांनी एकच विचारलं, सांगितलेलं ऐकायची सवय आहे का? मी म्हटलं, जन्मभर शाळेच्या मुदपाकखान्यात राबले, मुख्याध्यापकांचंही ऐकलं नाही. त्यांनी हसून किल्ली काढून दिली. माझ्या तोंडाळपणाचं कौतुक करणारा माणूस ओहायोत पहिल्यांदाच भेटला.

२९ ऑक्टोबर
हॅलोवीनला सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत येणाऱ्या पोरांसाठी चॉकलेटं आणली, मोठी, दाताला लागतील अशी. नात ओपल येणार म्हणून तिच्यासाठी मधमाशीचा पोशाख शिवून पाठवला. पट्टे थोडे वाकडे झालेत, पण पाच वर्षांच्या पोरीला काय कळतंय. फोनवर तिला पढवलं की ज्या घराच्या दारात दिवा, तिथंच जायचं, तिथंच खाऊ मिळतो. शहाणी माझी, लगेच म्हणून दाखवलं.

३१ ऑक्टोबर
ओपलला ताप आला, जनीननं तिला घरीच ठेवलं. हिरमुसले.
पण पोरं झुंडीनं आली. इथं फुकट काही नाही, आधी विनोद सांगायचा, मग चॉकलेट. चेटकीण बनून आलेल्या एकीनं तर मलाच चेटकीण ठरवलं, तिला दोन दिली. दुपारी हक बजावून गेले होते की आगीच्या बंबवाल्यांचा भोंगा झाला की दिवा घालवायचा, पायरीवर कुणी असलं तरी. भोंगा झाला आणि अख्खी गल्ली काळीठिक्कर. माझ्या पायरीवर मात्र एक पोर उभी होती, तोंडावर कागदी पिशवी, हातात उशीचा अभ्रा. माझं डोकंच फिरलं. एका लेकराला चॉकलेट दिलं तर यांच्या बापाचं काय जातं? दिवा तसाच ठेवला.
तिनं विचारलं, "रिकाम्या अभ्र्यात काय मावतं?"
मी म्हटलं, काय?
"तुम्ही द्याल ते."
हसू आलं नाही, पण मूठभर दिली.

१ नोव्हेंबर
संध्याकाळी ती परत हजर. हॅलोवीन संपला गं बाई, म्हटलं. तेच कोडं, तेच उत्तर. दिली चॉकलेटं. हिच्या आईबापांना कानाखाली दिली पाहिजे.

३ नोव्हेंबर
रोज येते. मुठीमुठीनं घालतेय, तरी अभ्रा सपाट. आज मुद्दाम आत हात घातला. तळ लागला नाही. हात कोपरापर्यंत गार पडलाय, अजून तसाच आहे.
व्हरांड्यातल्या दिव्याची साखळी ओढली, तीच त्याचं बटण, तरी विझला नाही. बल्ब काढला. बल्ब माझ्या हातात आणि व्हरांड्यात उजेड.

४ नोव्हेंबर
चॉकलेटं संपली. दुकानातलीही संपलीत. बिस्किटं पुढं केली, तिनं मान हलवली. मग चल, चालू पड, म्हणून ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "मधमाशी चालेल."
ओपलचं नाव मी इथं कुणापाशी काढलेलं नाही.

५ नोव्हेंबर
हकच्या दारावर लाथ घातली. म्हातारा पाय धुवायच्या घमेल्यात पाय सोडून बसला होता. म्हणाला, ती दरवर्षी येते, भोंग्यानंतर ज्याचा दिवा दिसेल त्याला धरते, मग बाकी गल्ली सुटते. मी म्हटलं, हे आधी सांगता येत नव्हतं?
"सांगितलं ना बाई, दिवा घालवा म्हणून. ऐकणाऱ्या असतात तर तुम्हाला घर दिलंच नसतं."
माझ्या तोंडाळपणाच्या भरवशावर यानं भाडं कमी लावलं. घमेलं त्याच्या अंगावर ओतून आले.
जनीनला फोन केला, ओपलला आणू नकोस. ती म्हणाली, आई, तुझं परत सुरू झालं का, माझी इस्पितळात ड्यूटी आहे, मी कुणाकडे ठेवू तिला?

६ नोव्हेंबर, दुपार
सोडून गेली. मी गाडीपुढं आडवी उभी राहिले तरी सोडून गेली. ओपल मधमाशी होऊनच आलीय. हॅलोवीन बुडाला म्हणून रुसलीय, प्लास्टिकचा भोपळा खाली ठेवत नाही.
हिला नेऊन दाखवावं कुणी. मी आहे इथं.

संध्याकाळ
हक दिवा घालवून बसतो काय. बसू दे. मीच जाऊन त्याच्या दारातली साखळी ओढली — पेटला. माझा आपोआप विझला. विझला! धावत आले, दाराला कडी घातली. खिडकीतून बघत लिहितेय, याची डोळा बघायचंय मला त्याचं तोंड —
ती आली. माझ्या पायरीशी थांबली — वळली — रस्ता ओलांडतेय. जा. घे त्याला. घे त्या थेरड्याला.
ओपलला हाक मारली, बघ म्हणून. ओ देत नाही.
मागचं दार उघडं —
अख्ख्या गल्लीत एकच दिवा, आणि मीच तिला पढवलं, दिवा असेल तिथंच —
रस्त्यात दोघी आहेत. हात धरलाय. लहानीच्या पाठीवरचे पट्टे वाकडे —
ओप